चुकलेल्या उत्तरापाशी

सराव चाचणी संपते आणि पडद्यावर आकडा येतो: ५४.५. त्या आकड्याखाली बरंच काही दडलेलं असतं. कोणते प्रश्न चुकले, कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले, कोणता प्रश्न वाचून सोडून दिला आणि कोणता वाचलाच नाही. पण ते उघडून बघणारे थोडेच. नजर आकड्यावरून क्रमांकावर जाते, क्रमांकावरून मनात धरलेल्या कट-ऑफवर, आणि खिडकी बंद होते. संध्याकाळी नवा धडा सुरू होतो, नाहीतर नवी चाचणी. चुकलेली २२ उत्तरं तिथंच पडून राहतात. महिन्याभरानं वेगळ्या आकड्यांचे कपडे घालून तेच प्रश्न परत येतात आणि तसेच चुकतात.

नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ग्रोथ माइंडसेट हा शब्द आता नवा नाही. भाषणांत, व्हिडिओंत, भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवर तो सगळीकडे भेटतो. बुद्धी आणि कौशल्य जन्मतः ठरलेलं नसतं, योग्य सरावानं ते वाढतं, असा त्याचा साधा अर्थ. अर्थ बरोबर आहे. पण हा शब्द उमेद वाढवायला म्हणून वापरला जातो, तिथं त्याचं खरं काम हुकतं असं मला वाटतं. त्याची गरज सकाळी उठताना नसते. ती लागते आकडा दिसल्यानंतर खिडकी बंद होईपर्यंतच्या त्या दहा सेकंदांत, कारण पुढचे दोन तास कशात जाणार हे तिथं ठरतं.

त्या दहा सेकंदांत मनात एक वाक्य तयार होतं. "मला गणित येत नाही." मराठीत विद्या येते. पोहायला येतं, गाडी चालवायला येते, व्याकरण येतं. पाऊस येतो, झोप येते, राग येतो, तसंच गणितही येतं. वाक्याचा कर्ता गणित. आपण बाजूला 'मला' म्हणून उभे. त्यामुळे "येत नाही" म्हटलं की विषय संपल्यासारखा वाटतो, जणू गणित दुसऱ्यांच्याच घरी जाणारा पाहुणा आहे. पण याच क्रियापदाची दुसरी रूपंही आपण रोज बोलतो. यायला लागलं. थोडं थोडं येतं. अजून येत नाही. "अजून" हा एक शब्द जोडला की वाक्याला काळ मिळतो. तरीही तेवढ्यानं भागत नाही, कारण "मला अजून गणित येत नाही" या वाक्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. "शेकडेवारीत आधाराची रक्कम बदलली की माझा गोंधळ होतो" या वाक्यातून कळतं. पहिलं वाक्य माणसाबद्दल आहे, दुसरं एका जागेबद्दल, आणि जागा दुरुस्त करता येते.

शरीराच्या बाबतीत हे कुणाला समजवावं लागत नाही. ज्या भरतीत धावण्याची चाचणी असते, तिथं पहिल्या आठवड्यात धाप लागली म्हणून "मला धावायला येत नाही" असं कुणी म्हणत नाही. दम वाढतो, हळूहळू वाढतो, एका आठवड्यात फार ताणलं तर पाय दुखावतो, हे सगळे मान्य करतात. टंकलेखनाचंही तसंच: आधी अचूकता, मग वेग. पण तोच माणूस तर्काच्या प्रश्नापाशी अडला की म्हणतो, आपलं डोकंच त्या बाजूचं नाही.

या कल्पनेमागचं नाव कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनी आधी मध्यम अवघड कोडी सोडवली. मग काहींना सांगितलं, तू हुशार आहेस; काहींना सांगितलं, तू चांगली मेहनत घेतलीस. त्यानंतर मुद्दाम फार अवघड कोडी दिली, ज्यात सगळेच अडखळले. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. मला यातला दुसराच एक तपशील महत्त्वाचा वाटतो. आपले गुण दुसऱ्या एका अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी दहांतल्या जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. समोर नसलेल्या, कधी न भेटणाऱ्या मुलापाशी. चूक म्हणजे आपल्याबद्दलचा निकाल असं एकदा वाटलं की ती लपवावीशी वाटते, आणि लपवलेली चूक तपासता येत नाही. चाचणीची खिडकी बंद करणं हेही लपवणंच, फक्त स्वतःपासून.

इथं सरळ सांगायला हवं की नुसत्या विश्वासाचा परिणाम लहान आहे. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मनोवृत्ती आणि परीक्षेतलं यश यांतला संबंध सरासरीनं क्षीणच निघाला. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास आला. बुद्धी वाढू शकते, हे सांगणारा तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ त्यांना दिला होता. मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीत ४ पैकी सुमारे ०.१ इतकी भर पडली, आणि जिथं अवघड प्रश्नाला हात घालणं आजूबाजूच्या मुलांतही चांगलं मानलं जात होतं तिथं परिणाम जास्त टिकला. ०.१ म्हणजे फार काही नाही. तासाभरात मिळालं म्हणून दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. पण त्यावर विसंबून कुणी परीक्षा देऊ नये.

मग ग्रोथ माइंडसेटचा उपयोग कुठं? माझं उत्तर असं: अभ्यासाच्या ज्या पद्धती खरोखर काम करतात, त्या करताना वाईट वाटतं. रोज वाटतं. आपल्याला काही येत नाही अशी जाणीव त्या सतत करून देतात. ती जाणीव म्हणजे आपला निकाल असं मानणारा माणूस त्या पद्धती चार दिवसांत सोडतो आणि सोप्या, सुखद, निरुपयोगी पद्धतींकडे वळतो. ती जाणीव हा कामाचाच भाग आहे असं ज्याला वाटतं, तो टिकतो.

सगळ्यात सुखद पद्धत म्हणजे पुन्हा वाचणं. तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, अधोरेखित केलेले शब्द हसून समोर येतात, तासाला वीस पानं होतात. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते. तरी रात्री झोपताना आपण जे समाधान मोजतो ते पाच मिनिटांनंतरचंच असतं.

म्हणून प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. पहिल्या वेळी अर्धं पानही भरत नाही. हात थांबतो, एखादं कलम अर्धवट आठवतं, सनांची अदलाबदल होते. मग पुस्तक उघडून वेगळ्या शाईनं भर घालायची. त्या वेगळ्या शाईत जे लिहिलं जातं, तेवढाच आपला खरा अभ्यासक्रम. बाकीचं पुन्हा वाचायची गरज नाही. दोन तासांच्या वाचनापेक्षा ही दहा मिनिटं जड जातात, आणि अनेकजण तिथंच म्हणतात, "अजून नीट वाचून होऊ दे, मग लिहून बघेन." ते "मग" परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येतं.

उजळणीचंही तसंच. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर विसरणं सुरुवातीला भराभर होतं आणि पुढं संथ होत जातं. त्यामुळे पाठ केल्यावर लगेच पाच वेळा घोकण्यापेक्षा त्या पाच वेळा दिवसांवर पसरणं फायद्याचं. आज शिकलेलं उद्या, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या, मग महिन्यानं, असा ढोबळ क्रम पुरतो. परीक्षा जितकी लांब तितकं अंतर लांब ठेवता येतं; परीक्षा महिन्यावर असेल तर आठवड्याभराचं अंतर बरं. अंतर ठेवलं की मधे थोडं विसरायला होतं, आणि विसरलेलं ओढून आणताना जो ताण पडतो त्यानंच ते पक्कं होतं. रॉबर्ट ब्यॉर्क हे मानसशास्त्रज्ञ अशा अडचणींना हव्याशा अडचणी म्हणतात. उमेदवाराला मात्र दहाव्या दिवशी फक्त एवढंच दिसतं: पाठ केलेलं गेलं.

तिसरी जड पद्धत मिश्र सरावाची. नफा-तोटा या प्रकरणाखालची चाळीस गणितं ओळीनं सोडवली की अडतिसावं झटक्यात सुटतं. सुटणारच, कारण पद्धत प्रकरणाच्या नावातच सांगितलेली आहे. परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. हे नळ-टाकीचं आहे की काळ-कामाचं की नुसत्या गुणोत्तराचं, हे ओळखणं हाच अर्धा प्रश्न. म्हणून पद्धत समजेपर्यंत आठ-दहा गणितं एका जातीची, आणि त्यानंतर सगळा सराव मिसळून. मिसळल्याबरोबर अचूकता खाली येते. आठवड्यापूर्वी दहापैकी नऊ येणाऱ्याला दहापैकी सहा येतात, आणि तो घाबरून परत प्रकरणवार सरावाकडे जातो.

पण सगळ्यात अधिक मिळकत सराव चाचणीनंतरच्या दोन तासांत आहे, आणि तिथंच सगळ्यात कमी लोक बसतात. त्याबद्दल जरा सविस्तर.

चाचणी देतानाच एक सवय लावायची. प्रत्येक उत्तराशेजारी कच्च्या कागदावर खूण करायची: खात्री आहे, दोन पर्यायांत अडकलो होतो, किंवा निव्वळ अंदाज. या खुणेला एक सेकंद लागतो आणि नंतर तिच्यामुळे दोन गोष्टी कळतात. बरोबर आलेली पण अंदाजानं आलेली उत्तरं कोणती; ती आपली नाहीत, उसनी आहेत. आणि खात्रीनं लिहिलेली पण चुकलेली उत्तरं कोणती. ही दुसरी सगळ्यात मोलाची. जे येत नाही ते निदान माहीत असतं. जे चुकीचं येतं ते परीक्षेतही तितक्याच आत्मविश्वासानं लिहिलं जाईल.

चाचणी संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी, उत्तरपत्रिकेतलं स्पष्टीकरण वाचण्याआधी चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. हे टाळलं की विश्लेषण फसतं. स्पष्टीकरण वाचल्यावर प्रत्येक प्रश्न सोपाच वाटतो आणि "अरे, हे तर येत होतं" असं म्हणून आपण पुढं जातो. घड्याळाशिवाय सुटला तर अडचण वेळेची किंवा लक्षाची होती. तरीही नाही सुटला तर माहितीची किंवा पद्धतीची. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. पहिल्याला नवा धडा वाचून काही होत नाही, दुसऱ्याला आणखी चाचण्या देऊन काही होत नाही.

मग प्रत्येक चुकीला कारण द्यायचं. "सिली मिस्टेक" हे कारण नव्हे. ते कपाट आहे, ज्यात काहीही कोंबता येतं आणि दार लावता येतं. त्यातल्या चुका बाहेर काढून बघितल्या की त्यांना नेमकी नावं असतात. "अयोग्य विधान निवडा" यातला 'अ' वाचलाच नाही. मिनिटांचे तास केले नाहीत. तीन विधानं होती, दोनच तपासली. सातवा प्रश्न सोडला आणि आठव्याचं उत्तर सातव्याच्या गोलात भरलं. चार चाचण्यांतल्या अशा चुका एकत्र लिहिल्या की बहुतेकांना दिसतं, आपल्या हातून सगळ्या प्रकारच्या चुका होत नाहीत. दोन-तीनच प्रकार पुन्हा पुन्हा होतात.

सुरुवातीचा ५४.५ हा आकडा उलगडून बघू. १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चुकीला पाव गुण वजा. ८२ सोडवले, ६० बरोबर, २२ चूक. ६० वजा ५.५. आता त्या २२ मधल्या ७ ठिकाणी माहितीच नव्हती, ४ ठिकाणी अंदाज फसला, ६ ठिकाणी आकडेमोड घसरली आणि ५ ठिकाणी प्रश्न नीट वाचला नव्हता, असं समजा. शेवटच्या दोन प्रकारांतली ११ उत्तरं बरोबर आली असती तर प्रत्येकी १.२५ गुणांचा फरक पडला असता: मिळालेला एक गुण आणि वाचलेला पाव. एकूण १३.७५. आकडा ६८.२५ झाला असता, एकही नवं प्रकरण न वाचता. ५४.५ बघून नवं जाड पुस्तक आणणारा माणूस फक्त त्या सातांवर काम करत असतो.

चुकांची वही अनेकजण सुरू करतात आणि तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण तिच्यात ते अख्खं उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. त्याला वीस मिनिटं लागतात आणि ते पुन्हा कधी वाचलं जात नाही. चार ओळी पुरतात. प्रश्नाचा सांगाडा, मी काय केलं, कुठली खूण माझ्या नजरेतून सुटली, पुन्हा कधी सोडवायचा ती तारीख. उदाहरणार्थ, किंमत २० टक्क्यांनी वाढली आणि मग २० टक्क्यांनी घटली. मी लिहिलं: फरक नाही. सुटलेली खूण: दुसरे २० टक्के वाढलेल्या किमतीचे आहेत, १०० चे नाहीत, १२० चे २० टक्के २४, उरले ९६, घट ४ टक्के. किंवा, जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्यानं येताना ६०, सरासरी वेग किती. मी लिहिलं ५०. सुटलेली खूण: अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही, १२० किलोमीटरला जाताना ३ तास, येताना २, म्हणून २४० भागिले ५, म्हणजे ४८. किंवा, रांगेत डावीकडून चौदावा आणि उजवीकडून सतरावा, एकूण किती. मी लिहिलं ३१. तो माणूस दोनदा मोजला गेला, उत्तर ३०.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड आणि तीच खरी. "लक्ष द्यायला हवं होतं" असं तिथं लिहिलं तर ती वाया गेली. लक्ष कशाकडे, हे त्या ओळीत यायला हवं. वर दिलेल्या शेकडेवारीच्या आणि सरासरीच्या चुका शेजारी ठेवल्या तर दोन्हींच्या मुळाशी एकच सवय दिसते: दोन आकडे दिसले की ते एकाच मापाचे समजून सरळ जमा-वजा करणं. वहीत अशा आठ-दहा नोंदी झाल्या की एक चूक म्हणजे एक प्रश्न हा हिशोब मोडतो. एका सवयीनं चार प्रकरणांतले गुण खाल्लेले दिसतात.

तर्काच्या प्रश्नांत वेगळीच चूक होते. सगळे कवी स्वप्नाळू आहेत; काही स्वप्नाळू लोक शिक्षक आहेत; म्हणून काही कवी शिक्षक आहेत? निष्कर्ष निघत नाही, कारण शिक्षक असलेले ते स्वप्नाळू लोक कवींच्या बाहेरचेच असू शकतात. पण शिक्षक असलेले कवी आपल्याला जगात दिसतात म्हणून हात "होय"कडे जातो. इथं चुकीचं कारण लिहायचं: दिलेल्या विधानांबाहेरची माहिती वापरली. वर्तुळं काढूनच उत्तर द्यायचं, हा त्यावरचा उपाय, कितीही सोपं वाटलं तरी.

एका तासाच्या चाचणीच्या अशा तपासणीला दीड ते दोन तास लागतात. म्हणजे आठवड्याला पाच चाचण्या देणं सुरुवातीच्या महिन्यांत शक्यच नाही. एक किंवा दोन ठीक. "माझ्या साठ मॉक झाल्या" हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. त्यातल्या किती तपासल्या, हा प्रश्न विचारला की बरेचदा शांतता पसरते.

परीक्षेच्या खोलीतही हीच मनोवृत्ती वेगळ्या रूपात लागते. १०० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. एका गणितावर चार मिनिटं अडकलात तर जवळजवळ सात प्रश्नांचा वेळ गेला. अडकतात ते बहुधा चांगली तयारी असलेले, कारण "हे मला यायलाच हवं" असं वाटतं आणि सोडणं म्हणजे हार वाटते. म्हणून पेपर फेऱ्यांत सोडवायचा. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसते तेवढेच. अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही की खूण करून पुढं. दुसऱ्या फेरीत वाट दिसणारे पण लांबलचक. उरलेल्या वेळात दोन पर्यायांत अडकलेले. फेऱ्यांची सवय खोलीत लागत नाही, ती सराव चाचण्यांतच लावावी लागते, आणि पहिल्या दोन-तीन वेळा तिच्यामुळे गुण कमी होण्याचीही शक्यता असते.

वजा गुणांचं गणित भीतीवर सोडू नये. चार पर्याय, चुकीला पाव गुण वजा: डोळे मिटून दिलेल्या उत्तराची सरासरी किंमत जेमतेम ०.०६ गुण. चुकीला एक तृतीयांश वजा असेल तर बरोबर शून्य. पण पाव वजा असताना एक पर्याय खात्रीनं बाद झाला तर तीच किंमत ०.१७ होते, दोन बाद झाले तर ०.३८. त्यामुळे दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न सोडणं म्हणजे गुण टाकून येणं. सगळी मेख "खात्रीनं" या शब्दात आहे, आणि आपली खात्री कितपत खरी असते ते त्या कच्च्या कागदावरच्या खुणाच सांगतात. "दोन पर्यायांत अडकलो" अशी खूण असलेली उत्तरं पाच चाचण्यांत मिळून किती बरोबर आली ते मोजा. निम्म्याहून कमी आली तर तुमचं बाद करणंच चुकतंय.

उत्तर बदलावं की नाही याबद्दल एक समज पक्का आहे: पहिलं उत्तरच बरोबर असतं. बहुपर्यायी परीक्षांतल्या खाडाखोडींचा अभ्यास झाला तेव्हा चुकीचं बदलून बरोबर झालेली उत्तरं ही बरोबरचं बदलून चुकलेल्यांपेक्षा जास्त निघाली. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी याचं कारणही तपासलं: बदलल्यामुळे गेलेला गुण मनाला जास्त लागतो, म्हणून तोच लक्षात राहतो. बदलण्यासाठी कारण सापडलं असेल, एखादा शब्द आता दिसला असेल, तर बदलावं. नुसत्या अस्वस्थतेतून बदलू नये.

आणि ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी: २०११ साली जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांच्या प्रयोगांत, परीक्षेच्या ताणाचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांनी पेपरआधी दहा मिनिटं आपल्या काळज्या कागदावर लिहून काढल्या, तेव्हा त्यांचे गुण सुधारले. मनातली बडबड कागदावर गेली की डोक्यातली जागा प्रश्नासाठी मोकळी होते, असा त्यामागचा तर्क.

आता एका अवघड गोष्टीबद्दल. ग्रोथ माइंडसेटचं एक विकृत रूप तयारीच्या जगात फार पसरलं आहे: मेहनत कर, होईलच, नाही झालं म्हणजे मेहनत कमी पडली. ड्वेक यांनी स्वतःही नुसत्या मेहनतीचं कौतुक करण्याविरुद्ध वारंवार सावध केलं आहे. मेहनत उपयोगी पडत नसेल तर पद्धत बदलणं आणि मदत मागणं हा त्या कल्पनेचाच भाग आहे. चौदा तास बसणं हे मोजायला सोपं म्हणून मोजलं जातं. पण तेच पुस्तक त्याच पद्धतीनं तिसऱ्या वर्षी वाचणं ही वाढ नव्हे.

शिवाय नोकरीची परीक्षा शाळेच्या परीक्षेसारखी नसते. शाळेत ३५ मिळाले की सगळे पास होऊ शकतात. इथं जागा १० आणि उमेदवार १,००० असतील तर ९९० जणांची निवड होणार नाही, सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरीही. कौशल्य वाढतं, हे खरं. वाढलेल्या प्रत्येक कौशल्याला जागा मिळते, हे खरं नाही. दोन्ही वाक्यं एकत्र डोक्यात ठेवणं जड जातं, म्हणून लोक एकाला सोडतात आणि मग एकतर लवकर खचतात किंवा फार वर्षं घालवतात. तयारीला लागण्याआधीच, मन शांत असताना, कागदावर लिहून ठेवावं: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, किती पैसे, आणि त्याच अभ्यासावर आणखी कोणत्या परीक्षा देता येतात. निकालाच्या रात्री हा हिशोब करता येत नाही. त्या तारखेला थांबणारा माणूस हरला असं म्हणणाऱ्यांनी, त्या वर्षांत त्यानं काय काय कमावलं ते बघितलेलं नसतं: आकडेमोडीचा वेग, नेमकं लिहिणं, स्वतःची चूक शोधून काढण्याची सवय. पुढच्या कुठल्याही कामात ही लागतात.

सोबत कोण बसतं यानं फार फरक पडतो. तीन-चार जणांचा गट असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येकानं खात्रीनं उत्तर लिहूनही झालेली आपली एक चूक समोर मांडावी, आणि आपण तसा विचार का केला ते सांगावं. उत्तर सांगायचं नाही, विचार सांगायचा. पहिल्या बैठकीत लाज वाटते आणि सगळे सोप्या, निरुपद्रवी चुका आणतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत कुणीतरी खरी आणतो, आणि निघतं असं की बाकीच्यांपैकी दोघांचाही तोच समज होता. लेखी उत्तरांच्या परीक्षेत तर दुसऱ्याचे डोळे लागतातच; आपण लिहिलेल्यात काय राहून गेलं ते आपल्याला दिसत नाही, कारण वाचताना डोकं ते भरून काढतं.

वहीतल्या चौथ्या ओळीकडे परत येऊ, पुन्हा सोडवायच्या तारखेकडे. ती तारीख आली की प्रश्नाखालच्या ओळी झाकून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून सोडवायचा. सुटला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. पुन्हा सुटला तर त्या नोंदीवर रेघ मारायची. नाही सुटला तर तिसरी ओळ खोडून नव्यानं लिहायची, कारण पहिल्यांदा लिहिलेलं कारण खरं नव्हतं. काही नोंदींची तिसरी ओळ तीनदा, चारदा बदलते. सरासरी वेगाचं ते गणित घ्या. पहिल्यांदा लिहिलेलं असतं "सूत्र विसरलो". मग "सूत्र आठवलं पण घाईत ५० लिहिलं". मग एका तारखेला लक्षात येतं की सूत्राची गरजच नव्हती, दोन वेगांना भाग जाईल असं एक अंतर धरलं असतं तर तोंडी सुटलं असतं. त्या दिवशी वहीत लिहिलं जातं, "अंतर दिलं नाही, तर सोयीचं धर." पुढं टाकीच्या गणितात क्षमता दिलेली नसते. एक नळ १२ तासांत भरतो, दुसरा १५. हात न थांबता ६० लिटर धरतो, तासाला ५ आणि ४, मिळून ९, आणि उत्तर ६ पूर्णांक २ छेद ३ तास.